सर्घहून मागे फिरलेला काफिला

प्रवासाची सर्व तयारी व्हावी, सामान बांधून व्हावे, आप्तेष्टांच्या भेटीगाठी उरकाव्यात आणि ऐन वेळी "निघू नका" असा निरोप यावा, हा अनुभव २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्यापैकी अनेक घरांनी घेतला. पै पै साठवून ज्यांनी हजची नियत केली होती त्यांचे अर्ज रद्द झाले. काहींना तर दुसरी संधी येण्यापूर्वीच अल्लाहने बोलावून घेतले. "असे पूर्वी कधी घडले नव्हते," हे उद्गार त्या दिवसांत जिकडेतिकडे ऐकू येत. इतिहास मात्र निराळे सांगतो.

हिजरी १८ च्या सुमारास, म्हणजे इ. स. ६३८-३९ मध्ये, दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) मदिनेहून शाम देशाकडे निघाले होते. वाटेत सर्घ या ठिकाणी सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) आणि त्यांचे सहकारी सामोरे आले व शाममध्ये प्लेग पसरल्याची वार्ता त्यांनी दिली. पुढे जावे की परतावे? खलिफांनी एकट्याने निर्णय घेतला नाही. त्यांनी प्रथम मुहाजिरांना विचारले, मग अन्सारांना विचारले. दोन्ही वेळा मतभेद झाले. शेवटी कुरैशांतील वडीलधाऱ्यांना बोलावले, त्यांनी एकमुखाने परतण्याचा सल्ला दिला आणि सकाळी मागे फिरण्याची घोषणा झाली.

अबू उबैदांना हे रुचले नाही. अल्लाहने लिहिलेल्या तकदीरीपासून आपण पळता आहात काय, असे त्यांनी विचारले. त्यावर खलिफांनी उत्तर दिले की, आपण एका तकदीरीकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. उंट चारायला नेले आणि दरीची एक बाजू हिरवी व दुसरी उजाड असली, तर कोणत्याही बाजूला चारले तरी ते अल्लाहच्या हुकुमानेच नव्हे काय, असा दाखलाही त्यांनी दिला. इतक्यात हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले. ज्या भूमीत साथ आहे तेथे जाऊ नये आणि आपण असू तेथे साथ आली तर तेथून पळून बाहेर पडू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्यांनी स्वतः ऐकलेली होती. खलिफांनी अल्लाहचे आभार मानले आणि काफिला मागे फिरला. अबू उबैदा शाममध्येच आपल्या माणसांबरोबर राहिले आणि त्याच साथीत त्यांचे निधन झाले. ही साथ इतिहासात अम्वासचा प्लेग म्हणून ओळखली जाते.

दुसरे पान आपल्या मुंबईचे आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी ओळखले. पाहता पाहता साथ शहरभर पसरली आणि लाखो लोक मुंबई सोडून गेले. त्या काळी मुंबई हे हजयात्रेचे मोठे बंदर होते. कोकणातून, दख्खनमधून, उत्तर हिंदुस्थानातून, इतकेच नव्हे तर मध्य आशियातूनही यात्रेकरू येथे येत, मुसाफिरखान्यांत उतरत आणि आगबोटीने जेद्दाला जात. फेब्रुवारी १८९७ मध्ये युरोपातील राष्ट्रे प्लेगचा विचार करण्यासाठी व्हेनिसला जमली. धर्मात हस्तक्षेप करणार नाही असे वचन १८५८ च्या जाहीरनाम्यात दिलेले असल्याने सरकारने आधी चालढकल केली, पण अखेर मुंबईहून हजला जाणाऱ्या आगबोटी त्या हंगामापुरत्या बंद केल्या. त्या वर्षी हज मे महिन्यात येत होती. वर्षभर तयारी करून बंदरापर्यंत आलेल्या माणसाला काय वाटले असेल, याची कल्पना २०२० नंतर आपल्याला सहज करता येते.

बंदीने रोग अडतो, बरा होत नाही. इलाजाचे काम त्याच सुमारास भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात चालू होते. ओदेसा येथे जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी तेथे प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी सर्वांआधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील ज्या कैद्यांनी होकार दिला त्यांना ती टोचण्यात आली. टोचून न घेतलेल्यांच्या मानाने त्यांच्यात रोगाचे व मृत्यूचे प्रमाण फार कमी राहिले.

तरीही लोक लस घेईनात. आज आपण त्यांना अडाणी म्हणून मोकळे होतो. हा न्याय नव्हे. त्यांच्या नकाराला कारणे होती. सरकारी पथके घरांत घुसत, पडदानशीन स्त्रियांची तपासणी करीत, आजारी माणसाला घरच्यांपासून ओढून इस्पितळात नेत. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत एका जुलाहा मुस्लिम घरातील आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली, गोळीबार झाला आणि माणसे मेली. पुण्यात त्याआधीच, २२ जून १८९७ रोजी, रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. सरकारवरचा राग लसीवर निघाला. पुढे ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लसीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष बाटली हाताळण्यातला होता, पण हाफकिन यांना निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. विश्वास तुटायला एक दिवस पुरतो, जोडायला वर्षे लागतात.

असा विश्वास जोडण्याचे काम खोजा इस्माइली जमातीत एका तरुणाने केले. तिसरे आगाखान सर सुलतान मोहंमद शाह तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. अनुयायी लसीला घाबरतात हे पाहून त्यांनी नुसता हुकूम काढला नाही. त्यांनी चारचौघांत स्वतःच्या दंडावर लस टोचून घेतली, एकदाच नव्हे तर पुन्हा पुन्हा, आणि ही बातमी जमातीत सर्वत्र पोचेल याची काळजी घेतली. हजारो खोजांनी लस घेतली. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपले खुश्रू लॉजही दिले. ती प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

आता आपल्या काळाकडे वळू. २०२० ची हज सौदी अरबस्तानात राहणाऱ्या मोजक्याच लोकांनी केली. २०२१ मध्ये तेथीलच लस घेतलेल्या ६० हजारांना परवानगी मिळाली. २०२२ मध्ये बाहेरच्या देशांना दार उघडले, तेही लस घेतलेल्यांनाच. मेंदूज्वराची लस तर हजला जाणारा प्रत्येक जण कित्येक वर्षांपासून बिनतक्रार घेत आला आहे.

माझ्या शेजारच्या एका बुजुर्गांनीही ती आनंदाने घेतली. त्याच घरात त्यांच्या नातवाची गोवराची लस मात्र "पुढच्या महिन्यात पाहू" म्हणत राहून गेली होती. मी एकदा रागावून बोललो, तर आठवडाभर त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले. रागाने दार बंद झाले, एवढेच. मग माझ्या पत्नीने आमच्या नातीला घेऊन त्यांच्या सुनेला सोबत चालण्याची विनंती केली. दोन्ही मुलांना एकाच बाकावर लस टोचली गेली. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडी, भिवंडी या आपल्याच वस्त्यांत गोवराने बालके दगावली, तेव्हा त्या बाकाची आठवण आम्हा दोन्ही घरांना झाली.

विद्यार्थी मित्रहो, या इतिहासातून एवढे घ्या. सर्घला खलिफांनी सल्ला विचारला, मुंबईत हाफकिन आणि आगाखान यांनी आपला दंड पुढे केला. कोणाला हसून वा हिणवून लोकांचे मन वळत नाही. आपल्या मोहल्ल्यात जी आई घाबरते, तिची भीती आधी ऐकून घ्या, माहीत असेल ते खरे सांगा, माहीत नसेल ते डॉक्टरांना विचारा आणि तिच्याबरोबर केंद्रापर्यंत चालत जा. पालकांनो, आज घरी जाल तेव्हा मुलांचे लसीकरणाचे कार्ड काढून एकदा पाहा. हजची नियत करताना आपण जेवढी काळजी घेतो, तेवढीच त्या छोट्या कार्डाची घेऊ या.