राजाबाई मनोरा

राजाबाई मनोरा : मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातील ग्रंथालयाच्या इमारतीवर उभारलेला सुप्रसिद्ध घड्याळ-मनोरा. उंची सु. ८५ मी. (२८० फुट). ओव्हल मैदानाच्या पूर्वेस असलेला हा मनोरा व त्याखालील ग्रंथालय यांची कोनशिला १ मार्च १८६९ रोजी बसविण्यात आली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. त्या काळी मुंबईतील सर्वांत उंच वास्तू म्हणून तो ओळखला जाई. मुंबईची कापसातून आलेली संपत्ती, तिचा अकस्मात ऱ्हास आणि स्वतःच्या वेळेविषयीचा या शहराचा दीर्घ आग्रह, या तिन्हींचा इतिहास या एका वास्तूशी निगडित आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद झाला व पश्चिम भारतातील कापसाला अपूर्व भाव आला. मुंबईत पैशाचा ओघ सुरू होऊन नवनव्या कंपन्यांच्या भागांची सट्टेबाजी माजली. या व्यवहारांचे सूत्रधार मानले गेलेले व्यापारी प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) यांनी ऑगस्ट १८६४ मध्ये विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी घड्याळ-मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले व आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव त्यास द्यावे, अशी इच्छा व्यक्त केली. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्यांचे व्यवहार पुरे करण्याच्या दिवशी, असंख्य व्यापारी दिवाळखोर झाले. प्रेमचंद यांची संपत्तीही या पडझडीत गेली. विद्यापीठाला दिलेली देणगी मात्र सुरक्षित राहिली. मनोऱ्याची कोनशिला बसली, तेव्हा दात्याचे वैभव ओसरून जवळजवळ चार वर्षे झाली होती. एकूण खर्च सु. साडेपाच लाख रुपये आला.

राजाबाई दृष्टिहीन होत्या व जैन आचारानुसार सूर्यास्तापूर्वी भोजन करता यावे म्हणून मनोऱ्याच्या घंटानादाचा त्यांना उपयोग होई, अशी एक आख्यायिका सांगितली जाते.

मनोऱ्याचा आराखडा विख्यात इंग्लिश वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट (१८११–७८) यांनी तयार केला. ते भारतात कधीच आले नाहीत. त्यांनी लंडनहून पाठविलेल्या नकाशांवरून येथील अभियंत्यांनी व कारागिरांनी काम पूर्ण केले. वास्तुशैली गॉथिक असून तीत व्हेनिशियन धाटणीचे मिश्रण आढळते. बांधकामासाठी कुर्ल्याच्या खाणीतील पिवळसर दगड प्रामुख्याने वापरला आहे. मनोरा खालच्या भागात चौरस असून वर अष्टकोनी होत जातो. त्यावरील कोनाड्यांत पश्चिम भारतातील विविध जातिजमातींच्या व्यक्तींचे एकूण २४ पुतळे बसविले आहेत. त्यांचे नमुने साहाय्यक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडविले. परक्या शैलीच्या या इमारतीत स्थानिक माणसांचा वेश व चेहरेपट्टी दगडातून जतन झाली, हे तिचे एक वैशिष्ट्य होय. ग्रंथालयाच्या खिडक्यांची रंगीत चित्रकाचही प्रसिद्ध आहे.

घड्याळ लंडनच्या लुंड अँड ब्लॉकली या कंपनीने तयार केले. घंटासंचावर ब्रिटिश अमदानीत सोळा सुरावटी वाजत. त्यांत ब्रिटिश राष्ट्रगीत व हँडेलची एक रचना यांचा समावेश होता. पुढे हा संच एकाच सुरावटीपुरता मर्यादित झाला.

या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, हा प्रश्न एके काळी सार्वजनिक वादाचा विषय झाला होता. पृथ्वीच्या परिवलनामुळे रेखावृत्तात एका अंशाचा फरक पडला, की स्थानिक वेळेत चार मिनिटांचा फरक पडतो. त्यानुसार मद्रासची (चेन्नईची) वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा सु. अर्धा तास पुढे होती. बोरीबंदर ते ठाणे हा भारतातील पहिला प्रवासी लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. पुढे लोहमार्गांचे जाळे पसरल्यावर गाड्यांसाठी मद्रास वेळ स्वीकारण्यात आली. परिणामी ठाण्याहून मुंबईस येणाऱ्या उतारूला गाडीसाठी एक वेळ व शहरातील कामकाजासाठी दुसरी वेळ ध्यानात ठेवावी लागे. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रास वेळ मुंबईत सरकारी कामकाजासाठी लागू केली. तिला नागरिकांनी तीव्र विरोध केला. मनोऱ्यावरील घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च सरकारने सोसावयाचा, तर त्याने मद्रास वेळ दाखविली पाहिजे, असा शासनाचा आग्रह होता. तथापि विद्यापीठाने लोकमताच्या बाजूने कौल दिला. अखेर १८८३ मध्ये शासनास हा प्रयोग सोडून द्यावा लागला.

१ जानेवारी १९०६ पासून ८२° ३०' पूर्व रेखावृत्तावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ अंमलात आली. ती मुंबई वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती. घड्याळाचे काटे पुढे सरकल्याने गिरणी कामगारांना प्रत्यक्षात तेवढे लवकर कामावर हजर व्हावे लागणार होते. त्यामुळे त्याच महिन्यात कामगारांत असंतोष उसळला. महानगरपालिकेने आपल्या कारभारात मुंबई वेळच कायम ठेवली. एकाच शहरात दोन वेळा पाळण्याची ही प्रथा स्वातंत्र्योत्तर काळात संपुष्टात आली.

२५ एप्रिल १८९१ रोजी दोन पारशी तरुणींचा मनोऱ्यावरून पडून मृत्यू झाला. या प्रकरणाने मुंबईत मोठी खळबळ उडाली व वृत्तपत्रांतून त्याची दीर्घकाळ चर्चा होत राहिली. सर्वसामान्यांसाठी मनोऱ्यावर जाण्यास मनाई आहे.

मनोरा व ग्रंथालय यांचे मोठ्या प्रमाणावरील जतनकार्य २०१५ मध्ये पूर्ण झाले. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडील गॉथिक इमारतींच्या रांगेत राजाबाई मनोरा सर्वांत उठून दिसतो.