घड्याळ, बाटली आणि परिचारिका : रुग्णालये स्तनपान कसे विसरली आणि पुन्हा कसे शिकली

१/ परिचर्येची विद्यार्थिनी स्तनपानाविषयी पुस्तकात एक वाचते आणि प्रसूतिकक्षात दुसरेच पाहते, तेव्हा तिच्या मनात काय रुजते? विसाव्या शतकाचे उत्तर स्पष्ट आहे : जे कक्षात दिसते ते. त्याची किंमत मात्र अर्भकांनी मोजली. #इतिहास #थ्रेड

२/ १९०७. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे डॉ. ट्रुबी किंग यांनी माता-बालकांसाठी संस्था स्थापन केली. पुढे ती 'प्लंकेट सोसायटी' म्हणून ओळखली गेली. किंग स्तनपानाचे कट्टर पुरस्कर्ते होते. पण त्यांचा दंडक होता की बाळाला दर चार तासांनीच पाजावे, रात्री नाही. या शिस्तीत घडलेली परिचारिका बाळाच्या रडण्याऐवजी घड्याळाचे ऐकू लागली.

३/ शरीराचा नियम वेगळा आहे. बाळ जितके दूध ओढते, तितके नवे तयार होते. अंतर वाढले की दूध घटते. त्यातच अनेक देशांतील रुग्णालये नवजात बाळांना आईपासून दूर, काचेआडच्या कक्षात ठेवू लागली.

४/ येथेच शिकाऊ परिचारिकेची फसगत झाली. 'आईला दूध पुरत नाही' हे ती रोज पाही आणि बाटली हाच उपाय मानी. ती टंचाई रुग्णालयाच्या नियमांनीच निर्माण केली होती.

५/ या समजुतीवर बाजार उभा राहिला. दूध कंपन्यांनी परिचारिकेसारखा गणवेश घातलेल्या विक्रेत्या मातांकडे धाडल्या. १९३९ साली सिंगापूरमध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी या प्रचाराविरुद्ध भाषण केले. त्याचे शीर्षकच होते 'मिल्क अँड मर्डर'.

६/ फिलिपिन्समधील बागियो जनरल हॉस्पिटलही याच वाटेने गेले होते. १९७५ साली तेथील बालरोग विभागाच्या प्रमुख डॉ. नातिविदाद क्लावानो यांनी कंपन्यांना विभागाची दारे बंद केली. भिंतींवरील गुटगुटीत बाळांची जाहिरातचित्रे उतरली. बाळे आईच्या कुशीत आली आणि चिकाचे दूध त्यांना मिळू लागले.

७/ क्लावानो यांनी बदलाआधीच्या व नंतरच्या सुमारे १० हजार नवजात बाळांच्या नोंदी तुलनेसाठी मांडल्या. जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू ९० टक्क्यांहून अधिक घटले होते. पाजण्याची पद्धत आणि बाळाची जागा बदलली, एवढाच मुख्य फरक!

८/ १९७८ साली क्लावानो यांनी अमेरिकेच्या सिनेटसमोर साक्ष दिली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मातेच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी स्वीकारली. विरोधातील एकमेव मत अमेरिकेचे होते.

९/ १९८९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी यशस्वी स्तनपानाची दहा सूत्रे जाहीर केली. पहिले सूत्र : लेखी धोरण. दुसरेच सूत्र : ते अमलात आणण्यासाठी सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण. १९९१ मध्ये 'बालस्नेही रुग्णालय' उपक्रम सुरू झाला आणि त्यासाठी १८ तासांचा अभ्यासक्रम तयार झाला. त्यांपैकी ३ तास प्रत्यक्ष मातांसोबत घालवायचे होते.

१०/ त्या ३ तासांना मोठा अर्थ आहे. स्तनपानाचे महत्त्व किंगच्या शिष्यांनाही पाठ होते. बाळ छातीशी नीट कसे लावावे आणि घाबरलेल्या मातेला धीर कसा द्यावा, हे खाटेशेजारीच शिकता येते. म्हणून विद्यार्थिनींचा दृष्टिकोन बदलू पाहणाऱ्या रुग्णालयाला आधी आपला प्रसूतिकक्ष बदलावा लागतो. (समाप्त)