चिठ्ठीतले प्रश्न

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत जी ब्लॉकमधून जाताना दोन्ही बाजूंना लहान-मोठे कारखाने लागतात. कुठे प्रेस शॉप, कुठे सीएनसी, कुठे पावडर कोटिंग. याच रांगेत एक सरकारी प्रयोगशाळा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली आणि तिचं ठाणं इथे पडलं. पुण्यातले डॉक्टर आणि कार्यकर्ते तिला 'नारी' म्हणतात. देशातल्या एड्स संशोधनाचं केंद्र गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या वसाहतीत यावं, हा निव्वळ योगायोग म्हणता येईल. पण पिंपरी-चिंचवडच्या बाबतीत असे योगायोग आधीही घडले आहेत. इथे औषधं आणि प्रयोगशाळा लवकर आल्या. त्या आजारांबद्दल तरुण मुला-मुलींशी मोकळेपणाने बोलणारी माणसं मात्र फार उशिरा आली. कॉलेजांमधल्या आरोग्य कार्यशाळांचा इथला इतिहास हा त्या उशिराचाच इतिहास आहे.

सुरुवात एचएपासून करावी लागते. एचए म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, औषधं बनवणारी देशातली पहिली सरकारी कंपनी. १९५४ साली ती पिंपरीत उभी राहिली तेव्हा आजूबाजूला शेती होती. एमआयडीसी यायला आठ वर्षं बाकी होती, नगरपालिका व्हायला सोळा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्यातून १९५५ पासून पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. न्यूमोनिया, चिघळलेल्या जखमा, बाळंतपणातला जंतुसंसर्ग आणि उपदंशासारखा गुप्तरोग, या सगळ्यांवर तेव्हाचं ते हुकमी औषध होतं. पुढे साठच्या दशकात याच कंपनीच्या संशोधकांनी बुरशीवरचं एक औषध शोधलं. त्याचं नावच कंपनीच्या आद्याक्षरांवरून ठेवलं: हॅमायसिन. स्त्रियांच्या योनीमार्गात होणाऱ्या बुरशीच्या संसर्गावर, म्हणजे अंगावरून पांढरं जाण्याच्या एका नेहमीच्या कारणावर, ते वापरलं गेलं.

औषध पिंपरीत तयार झालं, पण ज्या बाईला ते हवं होतं तिला तक्रार सांगायला जागा होती का? या प्रश्नाचं मोजून दिलेलं उत्तर दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यातून आलं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. त्यासाठी पूर्वी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. डॉक्टर दूर असणं हे त्याचं एक कारण, पण एकमेव नव्हे. या गोष्टी बोलायच्या नसतात असं त्या बायकांना लहानपणापासून शिकवलं गेलं होतं. कारखान्यांच्या पट्ट्यातली परिस्थिती यापेक्षा फार वेगळी असेल असं मानायला आधार नाही. दवाखाना जवळ आला म्हणून तोंड उघडतंच असं नाही.

तोंड न उघडता विचारायची सोय महाराष्ट्रात एका माणसाने फार आधी करून दिली होती. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि त्या कामापायी १९२५ साली त्यांची प्राध्यापकी गेली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. वाचकांनी पत्राने विचारलेल्या खासगी प्रश्नांना त्यात उत्तरं असत. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण, लग्नानंतरच्या अडचणी. ज्या गोष्टी वडिलांना, मास्तरांना, घरच्या डॉक्टरलासुद्धा विचारता येत नव्हत्या, त्या पोस्टाने कर्व्यांकडे जात. १९३४ साली त्यांच्यावर जो खटला झाला तो नेमका या उत्तरांवरून. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. आज कॉलेजच्या वर्गात चिठ्ठ्यांचा डबा फिरतो तेव्हा तो या पत्रव्यवहाराचाच पुढचा अवतार असतो. नाव न लिहिता प्रश्न, आणि नावानिशी उभं राहून उत्तर देणारा माणूस.

कर्वे गेल्यानंतर हा विषय बराच काळ सरकारच्या 'छोटं कुटुंब' मोहिमेत विरून गेला. भिंतींवर लाल त्रिकोण आले, नसबंदीची उद्दिष्टं आली. लग्न न झालेल्या तरुणाचा त्या मोहिमेशी संबंध नव्हता.

कॉलेजात आरोग्याचा विषय शिरला तो राष्ट्रीय सेवा योजनेच्या दाराने. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांमध्ये ही योजना सुरू झाली. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास समाजकार्य करायचं आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर करायचं, असा तिचा साचा. एनएसएसचं शिबिर ज्यांनी केलंय त्यांना तो दिनक्रम पाठ असतो: पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी पथनाट्य. पण यात एक गोची होती. आरोग्याची माहिती विद्यार्थी गावाला द्यायचा. शोषखड्डा खणायचा, रक्तदानाचे फलक रंगवायचा. स्वतः त्या विद्यार्थ्याला काही आजार, काही भीती, काही व्यसन असू शकतं, हे कुणी गृहीत धरत नव्हतं.

तो समज मोडला गर्दने. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या कॉलेजांमध्ये ब्राउन शुगर पोचली. अनिल अवचटांनी त्याबद्दल लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि ऑगस्ट १९८६ मध्ये डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा अवचट यांच्या पुढाकाराने येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. मुक्तांगणने एक गोष्ट आणली, जी नंतरच्या कार्यशाळांना फार उपयोगी पडली: व्यसनातून बाहेर आलेला माणूस स्वतः समोर बसून आपली गोष्ट सांगतो. दारूचे दुष्परिणाम तक्त्यावर दाखवणाऱ्या पाहुण्यापेक्षा अशा माणसाकडे मुलं वेगळ्या कानाने ऐकतात.

मग एड्स आला. भारतातला पहिला संसर्ग १९८६ साली मद्रासमध्ये सापडला. १९९१ मध्ये एनएसएसच्या माध्यमातून विद्यापीठांमध्ये एड्सविषयी बोलायचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. पुढच्याच वर्षी 'नारी' आली. तिथल्या संशोधकांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांमध्ये येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. १९९३ ते १९९६ या काळात ९१६ स्त्रियांची तपासणी झाली. त्यातल्या ३९१ जणी शरीरविक्रय करणाऱ्या नव्हत्या. त्या ३९१ पैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. त्यांच्यातल्या बहुतेक विवाहित, नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध नसलेल्या. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा हा निबंध १९९७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. (कोविडच्या पहिल्या महिन्यांत रोज संध्याकाळी दूरचित्रवाणीवर माहिती द्यायला बसणारे गंगाखेडकर ते हेच.)

या आकड्याने व्याख्यानांचा सूर बदलायला हवा होता. 'चांगल्या घरातल्या' मुलींना हे सांगायची काय गरज, असं म्हणणाऱ्यांना तो आकडा म्हणजे सरळ उत्तर होतं. लग्न हे संरक्षण नव्हतं. निरोगी राहायचं तर नवऱ्याला प्रश्न विचारता यायला हवा, त्यासाठी शब्द हवेत, आणि ते शब्द वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी कुणीतरी द्यायला हवेत.

काही ठिकाणी सूर बदललाही. कॉलेजांत रेड रिबन क्लब निघाले. १ डिसेंबरला फेरी, पथनाट्य, रांगोळी स्पर्धा असा ठरलेला कार्यक्रम होऊ लागला. शहरात यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे वायसीएम, १९८९ पासून होतं, १९९६ साली पिंपरीत डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय निघालं. बोलायला डॉक्टर मिळू लागले. पण शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि आभार यांत दीड तासातला पाऊण तास गेला की उरलेल्या वेळात विषाणूची रचना सांगून होते, मुलांच्या मनातलं काही बाहेर येत नाही. ते बाहेर येतं चिठ्ठ्यांमधून. डास चावून एड्स होतो का? रात्री कपडे ओले होतात, त्याने अशक्तपणा येतो का? पाळी दोन-दोन महिने येत नाही, लग्न जमेल का? अशा प्रश्नांपुढे तयार भाषण बाजूला ठेवावंच लागतं. ज्या वक्त्याला ते ठेवता येतं, त्याचीच कार्यशाळा मुलांच्या लक्षात राहते.

हे सगळ्यांत चिकाटीने कुणी केलं असेल तर राणी बंग यांनी. त्यांची 'तारुण्यभान' शिबिरं गडचिरोलीतून निघून महाराष्ट्रभर झाली. तासाभराचं व्याख्यान नव्हे, तर सलग तीन दिवस, मुलगे आणि मुली एकत्र. शरीराची रचना, आकर्षण, प्रेम, गर्भनिरोधन, गुप्तरोग, जोडीदाराची निवड, असं सगळं क्रमाने. पहिल्या दिवशी खाली माना घालून बसलेली मुलं हळूहळू उघडपणे बोलू लागावीत, यासाठीच ते दिवस लागतात. पुण्यात 'प्रयास'च्या आरोग्य गटाने डॉ. विनय कुलकर्णी आणि डॉ. संजीवनी कुलकर्णी यांच्या पुढाकाराने एचआयव्हीबाधितांवरचे उपचार आणि तरुणांशी संवाद ही दोन कामं एकमेकांना जोडून केली. उपचार करणाऱ्यालाच प्रतिबंधाची तळमळ जास्त असते, हे त्यांच्या कामातून दिसतं.

याच काळात राज्याने मात्र पाऊल मागे घेतलं. केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावर २००७ साली महाराष्ट्राच्या शाळांमध्ये बंदी आली. कारण तेच, कर्व्यांच्या खटल्यात होतं ते: अश्लीलता. जे राज्य त्या वेळी एचआयव्हीचा भार देशात सर्वाधिक असलेल्यांमध्ये गणलं जात होतं, तिथे हा निर्णय झाला, ही दुःखाची गोष्ट आहे. त्याचा एक परिणाम असा की जे बोलणं नववी-दहावीत सुरू व्हायचं ते कॉलेजवर येऊन पडलं. म्हणजे दहावीनंतर ज्यांचं शिक्षण सुटलं त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने १० ते १९ या वयोगटासाठी पोषण, मानसिक आरोग्य, व्यसन, लैंगिक आरोग्य असे विषय एकत्र आणले. सरकारी रुग्णालयांमध्ये 'मैत्री' नावाची क्लिनिकं आहेत. पण तिथे जायचं तर आधी आपल्याला काहीतरी विचारायचं आहे हे स्वतःशी कबूल करावं लागतं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत प्रश्नही बदलले. आकुर्डी-निगडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजांमध्ये मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुलं कॉट बेसिसवर राहतात. मेसचा डबा, रात्री दोनपर्यंत मोबाइल, बॅकलॉग, घरच्यांनी काढलेलं कर्ज, कॅम्पस मुलाखतीत आलेला नकार. आताच्या चिठ्ठीत झोप न लागणं असतं, पीसीओडी असतं, जिममधली पावडर घ्यावी का असं असतं, आणि कधीकधी जगावंसं वाटत नाही असंही. त्या शेवटच्या चिठ्ठीसाठी वक्त्याकडे उत्तम उत्तर असून भागत नाही. कार्यक्रम संपल्यावर जायला जागा लागते. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. हा आकडा फळ्यावर लिहून ठेवायला अर्धं मिनिट लागतं.

चाकणकडे गेलं की चित्र आणखी वेगळं होतं. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं हे गाव १९९९ साली बजाजचा कारखाना आला तेव्हापासून पालटत गेलं. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, मग महिंद्रा. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी इथल्या खोल्यांमध्ये आयटीआय आणि डिप्लोमा झालेली विशीतली मुलं राहतात. एका खोलीत चार-पाच जण, एक पाळी झोपते तेव्हा दुसरी कामावर. शिकाऊ उमेदवार म्हणून ती कागदावर विद्यार्थीच असतात. पण सकाळी अकरा वाजता सभागृहात होणाऱ्या कार्यशाळेत ती नसतात, कारण तेव्हा ती लाइनवर उभी असतात. त्यांना रात्रपाळीतलं जेवण, पाठदुखी, गुटखा, एकटेपणा, गुप्तरोगाची भीती यांबद्दल विचारायचं असेल तर डबा कुठे फिरतो? कारखान्यांमध्ये दरवर्षी ४ मार्चपासून सुरक्षा सप्ताह होतो. हेल्मेट, हातमोजे, प्रेसखाली बोट जाऊ नये म्हणून घ्यायची काळजी, हे पाळी सुरू होताना उभ्या-उभ्या समजावलं जातं आणि मुलं ते ऐकतात. त्याच ठिकाणी, त्याच दहा मिनिटांत, महिन्यातून एकदा चिठ्ठ्यांचा डबा ठेवायला आणि पुढच्या महिन्यात त्यांची उत्तरं द्यायला कुठल्याही नव्या योजनेची गरज नाही. वायसीएमचे डॉक्टर आणि 'नारी'तले समुपदेशक चाकणपासून फार तर तासाभराच्या अंतरावर आहेत.