टेडी वेदरफर्ड : एका पियानोवादकाचे चरित्र व त्याचे साधन

साधन हा शब्द उच्चारताच संशोधकाच्या डोळ्यांपुढे मोडी दफ्तर, ताम्रपट किंवा पोथी उभी राहते. चपड्याची तबकडी सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. तथापि विसाव्या शतकातील काही चरित्रे अशी आहेत की, ती या साधनावाचून नीट सिद्ध होत नाहीत. अमेरिकेतील कृष्णवर्णीय जाझ पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांचे चरित्र त्यांपैकी एक होय. त्यांच्या आयुष्याचा उत्तरभाग मुंबई व कलकत्ता येथे गेला, म्हणून त्याचा विचार या पृष्ठांत करणे अप्रस्तुत होणार नाही.

वेदरफर्ड यांचा जन्म 11 ऑक्टोबर 1903 रोजी व्हर्जिनिया प्रांतातील पोकाहॉन्टस या गावी झाला. पियानोचे शिक्षण न्यू ऑर्लिन्स येथे झाल्यावर ते शिकागोस गेले. तेथील व्हेंडोम या मूकपटगृहात अर्स्किन टेट यांचा वाद्यवृंद वाजत असे. त्या वृंदाने 1926 मध्ये एका तबकडीच्या दोन बाजू मुद्रित केल्या. त्यांत लुई आर्मस्ट्राँग यांची तुतारी व वेदरफर्ड यांचा पियानो एकत्र ऐकू येतात. त्याच वर्षी जॅक कार्टर यांच्या वृंदाबरोबर ते पूर्वेकडे निघाले आणि शांघायमध्ये त्यांचा जम बसला. पुढे तुतारीवादक म्हणून ख्याती पावलेले बक क्लेटन 1934 मध्ये शांघायला आले, तेही वेदरफर्ड यांच्याच खटपटीने.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात 1935 साली लिऑन अ‍ॅबी यांचा वृंद आला. त्यामागून 1936 मध्ये ‘क्रिकेट’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले वयोवृद्ध कॉर्नेटवादक स्मिथ यांचा वृंद तेथे वाजू लागला. वेदरफर्ड यात पियानोवर असत. पुढे नायकत्वही त्यांच्याकडे आले. अमेरिकेतील ज्या प्रतिष्ठित हॉटेलांत त्यांच्या वर्णाच्या माणसास पाहुणा म्हणून उतरता येत नसे, तशाच दर्जाच्या येथील दिवाणखान्यात ते वृंदनायक झाले, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे. 1937 मध्ये त्यांनी पॅरिस येथे ‘स्विंग’ या छापाखाली एकट्याच्या पियानोवादनाच्या तबकड्या दिल्या. नंतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्याचे ग्रँड हॉटेल हे त्यांचे मुख्य स्थान झाले. दोस्त सैनिकांनी गजबजलेल्या त्या शहरात त्यांच्या वृंदात ब्रह्मदेशातून आलेले वादकही होते. 25 एप्रिल 1945 रोजी पटकीच्या विकाराने, वयाच्या अवघ्या 41 व्या वर्षी, ते तेथेच निवर्तले.

आता साधनाची परीक्षा करू. 1936 च्या मुंबईतील ‘रेक्स’ तबकड्यांवर नाव आहे ते स्मिथ व त्यांच्या ‘सिंफोनियन्स’ वृंदाचे. कलकत्त्याच्या ‘कोलंबिया’ तबकड्यांवर मात्र नायक म्हणून वेदरफर्ड यांचे. केवळ चिठ्ठीवर विसंबणारा संग्राहक पहिल्या तबकड्यांतील पियानोवादकास मुकेल. पोथीवरील नाव कर्त्याचे की लेखनिकाचे हा विवेक आपण जसा करतो, तसाच येथेही करावा लागतो. दुसरी गोष्ट कालनिर्णयाची. चिठ्ठीवरील विक्रीचा क्रमांक तबकडी बाजारात आल्याचा क्रम सांगतो, मुद्रणाचा नव्हे. चिठ्ठीभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत बारीक अंक उमटलेले असतात, ते मूळ साच्याचे. हे अंक मुद्रणाच्या वेळी दिले जात. त्यामुळे एकाच कंपनीच्या तबकड्यांचा पूर्वापर क्रम लावण्यास तेच अधिक विश्वसनीय. पुष्पिकेतील शकाचे जे मोल, तेच या अंकांचे.

हा शोध एका परदेशस्थ वादकापुरता नाही. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले गोमंतकीय वादक याच हॉटेलांत हे संगीत आत्मसात करीत होते. ताजमहालमध्ये वृंद चालविणारे ‘चिक चॉकलेट’ म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे पुढे सी. रामचंद्र यांचे सहायक झाले. 1951 च्या ‘अलबेला’ चित्रपटातील वाद्यमेळात त्या वळणाची छाप स्पष्ट आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील वृंदांस उतरती कळा लागली आणि अनेक वादकांचा चरितार्थ चित्रपटांवर आला. सारांश, आज घरोघरी परिचित असलेल्या गीतांच्या पूर्वपीठिकेचा एक दुवा या तबकड्यांत आहे.

तो तुटण्यास मात्र फार वेळ नको. चपडा ठिसूळ, हातून सुटली की तबकडी फुटलीच. आमच्या बेसा गावी, नागपूर शहर वाढत वाढत दाराशी आल्यापासून, जुनी घरे पाडली जातात आणि ग्रामोफोनच्या पेट्या भंगारात वजनावर जातात. ज्यांच्याकडे अशा तबकड्या असतील त्यांनी त्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात; स्पिरिटने मुळीच पुसू नयेत, कारण त्यात चपडा विरघळतो; आणि चिठ्ठीचा मजकूर, दोन्ही क्रमांक व दुकानदाराचा शिक्का यांची नोंद करून ठेवावी. एवढी यादी झाली तरी पुढील संशोधकाचे निम्मे श्रम वाचतील. इत्यलम्.