थडगी सापडली, गाव कुठे आहे?

बोदवड हे भुसावळ–नागपूर रेल्वेमार्गावरचं स्टेशन. इथून पूर्वेला थोडं गेलं की खानदेश संपतो आणि वऱ्हाड लागतो. माझ्या गावाच्या दोन्ही बाजूंना पुरातत्त्वज्ञांनी खणलंय आणि दोन्हीकडे मेलेली माणसं सापडलीयत. पण फार वेगळ्या जागी.

पूर्वेकडून सुरुवात करतो. नागपूरजवळ काटोल रस्त्यावर जुनापाणी आहे. तिथे 1867 साली रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दगडांची वर्तुळं खणली. मोठ्या धोंड्यांचं कडं, आत माती-मुरमाचा बुटका ढिगारा, खाली हाडांचे तुकडे, काळी-तांबडी मडकी, लोखंडी हत्यारं. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले. असेच खळगे ब्रिटनमधल्या दगडांवरही असल्यामुळे साहेबांना दोन्हींत नातं दिसू लागलं. त्या काळात अशी नाती फार पटकन जुळत.

युरोपात ढिगाऱ्याखाली पुरण्याची प्रथा मध्ययुगाच्या आरंभापर्यंत टिकली. इंग्लंडमधल्या सटन हू इथे 1939 साली अशाच एका ढिगाऱ्याखाली सातव्या शतकातलं अख्खं जहाज मिळालं. म्हणजे लाकूड केव्हाच कुजलेलं, उरल्या होत्या लोखंडी रिव्हेटांच्या रांगा आणि वाळूतला ठसा. 1991 मध्ये तिथल्याच दुसऱ्या ढिगाऱ्याखाली एक तरुण आणि शेजारच्या खड्ड्यात त्याचा घोडा सापडला. नागपूरजवळच्या माहुरझरीत 1970 ते 1972 या काळात शां. भा. देव यांच्या उत्खननातही घोडे निघाले, तोंडावर तांब्याच्या पत्र्याचे दागिने घातलेले. दृश्य सारखंच, पण विदर्भातली ही थडगी सटन हूपेक्षा हजारेक वर्षांनी जुनी, लोहयुगातली. आपल्याकडे मध्ययुगात लढवय्याच्या वाट्याला ढिगारा नाही, वीरगळ आला. त्याच्याखाली बहुधा कोणी पुरलेलं नसतं.

मला त्या घोड्यांपेक्षा दुसरीच गोष्ट खटकते. वर्तुळं शेकडो, त्यामानाने वस्त्या अगदी थोड्या. त्यावरून काही अभ्यासकांनी ठरवलं की ही माणसं घोड्यावरून भटकणारी होती. थडग्यात लगाम मिळाला म्हणून माणूस भटका, हा तर्क मला कायम लंगडा वाटत आला. मग नायकुंडला वस्ती मिळाली आणि तिथे लोखंड गाळायची भट्टीसुद्धा. खनिज आणायचं, कोळसा करायचा, भाता चालवायचा. हे सगळं तळ ठोकल्याशिवाय होत नाही. नुसती थडगी पाहिली असती तर या लोकांबद्दल आपण अर्धवटच समजत राहिलो असतो.

आता पश्चिमेकडे, आणि आणखी मागे, ताम्रपाषाण काळात. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ आहे. म. न. देशपांडे यांनी 1952–53 मध्ये तिथे उत्खनन केलं. वस्ती बहाळच्या टेकाडात आणि दफनं पलीकडच्या काठावर, टेकवाड्याला. मधे नदी. दायमाबाद आणि इनामगावला तेवढंही अंतर नाही. लहान मूल गेलं की दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडून त्यात ठेवायचं आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचं. मोठ्या माणसांची पावलं घोट्याखाली तोडलेली दिसतात. भुताने परत चालत येऊ नये म्हणून, असं स्पष्टीकरण दिलं जातं. असेल. पण मग मूल घरातच का ठेवायचं? मला वाटतं, ते परत आलं तर त्यांना हवंच होतं.

म्हणजे खानदेशात मेलेली माणसं शोधायची तर गावच खणायला हवं, आणि आमच्याकडचं जुनं गाव म्हणजे पांढर. ही माती धाब्याच्या घरांवर घालायला चांगली, शेतात टाकायलाही चांगली. पिढ्यान् पिढ्या लोक बैलगाडीने ती नेत आले, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. गाडीभर मातीने टेकाड संपत नव्हतं. आता जेसीबी आणि ट्रॅक्टर असतात. माझ्या नोकरीत कोणी कोड बिघडवला तर कालची आवृत्ती परत आणता येते. टेकाडाची आवृत्ती एकच. पुरातत्त्वज्ञ खणतो तेव्हा तोही ती मोडतोच. फरक एवढाच, की तो आधी थरांना क्रमांक देतो, कोणतं मडकं कोणत्या जमिनीखाली होतं ते लिहून ठेवतो. ट्रॉलीतून शेतात गेलेल्या खापराला खाली कुठलं घर होतं, हे सांगता येत नाही.