यवनांची प्राकृत आणि आमची इंग्रजी

दोन सहस्र वर्षांपूर्वीं नाणेघाटाच्या वाटेनें जुन्नरास व्यापार चाले. तेथील लेण्यांत इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टाकीं दिलीं, चिट नांवाच्या यवनानें भोजनमंडप दिला. त्यांचे दानलेख ग्रीक भाषेंत नाहींत. ते ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत आहेत. त्यांनीं परभाषा पत्करली, तरी आपण यवन आहों हें सांगण्यास ते विसरले नाहींत.

१८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि परभाषा पत्करण्याची पाळी आम्हांवर आली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें अनेक पिढ्यांना इंग्रजी वाचावयास व लिहावयास शिकविलें. ऐकणें व बोलणें मात्र मागें राहिलें. म्हणूनच जुन्नर-आंबेगांवचा गणितांत हुषार असा विद्यार्थीहि पुण्यास व्याख्यान ऐकतांना गोंधळतो आणि नोकरीच्या मुलाखतींत मुका होतो. ही उणीव बुद्धीची नव्हे, सरावाची होय.

नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण आहे. तिच्यावरील संशोधन इंग्रजींत प्रसिद्ध होतें. तिच्या शेजारीं वाढलेल्या मुलास तेंच परकें वाटावें काय?

आमच्या मतें उपाय साधा आहे. रोज एक उतारा ऐकावा, मोठ्यानें वाचावा, त्याचा आशय मराठींत सांगावा आणि मग आपल्याच इंग्रजींत लिहावा. जें मराठींत नीट उमगलें नाहीं, तें इंग्रजींत नीट उतरत नाहीं. यवनांनीं जुन्नरास येऊन जें केलें, तें जुन्नरकरांनीं जगांत जाऊन करावें: भाषा त्यांची घ्यावी, ओळख आपली ठेवावी.