कंठाभरण: एका अकरा आकडी संख्येची गोष्ट



१२३४५६५४३२१ ही संख्या एकदा नीट पाहा. एकापासून सहापर्यंत चढते, तशीच एकापर्यंत उतरते. उलटी वाचली तरी तीच. तिच्या इतिहासात आपल्या एका जैन गणितज्ञाचा आणि आपल्या नाशिक जिल्ह्याचाही वाटा आहे.

इसवी सन ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. (हे भगवान महावीर नव्हेत. भगवंतांनंतर सुमारे तेराशे-चौदाशे वर्षांनी झालेले आचार्य.) ग्रंथाच्या आरंभी त्यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाची स्तुती केली आहे. त्याचे वडील तिसरे गोविंद. त्यांचा ताम्रपट आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या वणीला सापडला, म्हणजे आपली भूमी त्याच राज्यातली!

आचार्यांनी ही संख्या ग्रंथात घेतली आहे. १३९ गुणिले १०९ बरोबर १५१५१, अशा दोन्हीकडून सारख्या दिसणाऱ्या गुणाकारांना त्यांनी कंठाभरण, म्हणजे गळ्यातला दागिना, म्हटले.

हा दागिना घडतो कसा? १११११ च्या पुढे आणखी एक एकडा ठेवा. त्या १११११ ला नव्हे, १११११‍१ ला त्याच संख्येने गुणा. सहा ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे. उभ्या रांगांची बेरीज १, २, ३ करत मधे ६ होते आणि परत उतरते. हातचा कुठेच येत नाही. नऊ एकड्यांपर्यंत हे जमते. दहा घेतले की मधल्या रांगेत १० येतात, हातचा द्यावा लागतो आणि माळ तुटते.

सुमारे अकराशे वर्षांनी देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) याच माळेतल्या संख्यांवर काम करत होते. १, १२१, १२३२१ अशा संख्यांना त्यांनी 'डेमलो' हे एका रेल्वे स्थानकाचे नाव दिले. १९३० ते १९६२ ते शिक्षक होते. इथल्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिले, तेव्हा जगाने दखल घेतली.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. आपल्या घरांत गणित म्हणजे दुकानाचा हिशेब, आणि तो मुलाने शिकायचा, असे मी अनेकदा ऐकले. आचार्यांनी मात्र गणित कुठे कुठे लागते ते सांगताना संगीत, वैद्यक, वास्तुविद्या यांच्याबरोबर पाकशास्त्रही घेतले आहे. आपले स्वयंपाकघर त्यांनी वगळले नाही, मग आपण नातींना गणितातून का वगळावे?

या रविवारी पाठशाळेनंतर मुलामुलींना कागद-पेन्सिल द्या. सहा एकडे लिहायला सांगा आणि गुणाकार त्यांनाच करू द्या. उत्तर आधी सांगू नका.